उद्यमबागेतली डॉक्टर

आमच्या कारखान्यात वैजयंता गावडेला तिच्या नावानं हाक मारणारी मी एकटीच. बाकी सगळे, गेटवरच्या वॉचमनपासून मालकांपर्यंत, तिला डॉक्टर म्हणायचे. ‘डॉक्टर आल्या काय?’ ‘डॉक्टरना विचारा.’ ‘डॉक्टर जेवायला गेल्यात.’ नव्या माणसाला वाटायचं, एवढ्याशा कारखान्यात हे लोक डॉक्टर ठेवतात म्हणजे जागा बरी दिसते. वैजू डॉक्टर नव्हती. ती आमची दुभाषी होती, चिनी भाषेची.

बेळगावात उद्यमबागेत आमचा कारखाना. बॅटरीवर चालणाऱ्या, माल वाहायच्या तीनचाकी गाड्या आम्ही बनवतो. बनवतो म्हणजे सांगाडा आमचा, पत्रा आमचा, रंग आमचा. मोटर आणि तिला चालवणारा कंट्रोलर चीनचा. मी खरेदी खात्यात आहे. वैजू यायच्या आधी चीनशी आमचा सगळा व्यवहार मोबाइलमधल्या भाषांतरावर चालायचा. एकदा आम्ही ‘मोटर फार गरम होते’ असं कळवलं, तर उत्तर आलं, ‘अभिनंदन, तुमचा बाजार तापला आहे.’ त्या दिवशी आमचे मालक बसवराज अण्णा म्हणाले, आता माणूसच बघा.

ती मुलाखतीला आली ती डोक्यावरचं हेल्मेट न काढताच. बुटकी, सडपातळ, जाड भिंगांचा चष्मा. खुर्ची दाखवली तरी बसली नाही. अण्णांनी परीक्षा म्हणून सरळ चीनला फोन लावला आणि तिच्या हातात दिला. पलीकडं लिऊ नावाचे इंजिनिअर होते, मोटर पुरवणाऱ्या कंपनीतले. वैजू बोलायला लागली तसा तिचा आवाजच बदलला. वर चढायचा, एकदम खाली यायचा. थोड्याच वेळात दोघंही हसायला लागली.

“एन अंतान?” अण्णा घाईला आले की कन्नडवर यायचे. “काय म्हणतोय तो?”

“जेवलीस काय, म्हणतात.”

“आणि?”

“मी म्हटलं, जेवले. तर म्हणतात, काय जेवलीस.”

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. तिच्या ते लक्षात आलं. “चीनमध्ये जुनी माणसं असंच विचारतात सर,” ती म्हणाली. “आपल्यासारखंच. आधी जेवण, मग मोटर.”

तिला नोकरी लागली. अर्जावर चीनची मेडिकलची पदवी लिहिलेली होती, त्यामुळं आल्या दिवसापासून ती सगळ्यांची डॉक्टर झाली. लिऊ यांना तिकडं ज्या शब्दानं हाक मारतात त्याचा अर्थ मिस्त्री, असं तिनं सांगितलं आणि आमच्याकडं ते कायमचे लिऊ मिस्त्री झाले.

तिच्या सवयी न्याऱ्या होत्या. दिवसभर थर्मासमधलं गरम पाणी प्यायची, अगदी मे महिन्यातसुद्धा. कामगारांना वाटायचं औषध आहे. चिनी बोलताना उभी राहायची आणि भाषांतर करताना डोळे मिटायची. आणि स्वतःचं म्हणून काही बोलायची नाही. ‘ते म्हणतात’, ‘सर म्हणतात’, बस. अण्णा चिडून शिवी हासडायचे, तर वैजू डोळे मिटून काहीतरी गोड बोलायची आणि तिकडून गोड उत्तर यायचं. मी एकदा विचारलं, “अण्णांच्या शिवीचं काय केलंस?”

“सांगितलं ना आक्का. साहेबांचा जीव तुटतोय, असं सांगितलं.”

तिची गोष्ट मला तुकड्यातुकड्यानं कळली, जेवणाच्या सुट्टीत. गाव खानापूरच्या पुढं, लोंढ्याच्या रस्त्याला. वडील नारायण आप्पा सरकारी बसचे ड्रायव्हर, बरीच वर्षं बेळगाव-निपाणी गाडीवर. इथं मेडिकलला नंबर लागला नाही, म्हणून त्यांनी तिला चीनला पाठवलं. शिकवणीची जास्तीची फी नको म्हणून ती हॉस्टेलातल्या कामवाल्या बायकांकडून भाषा शिकली, त्यामुळं वर्गातल्या इतर भारतीय मुलांपेक्षा तिची चिनी चांगली. शेवटाकडच्या एका वर्षी थंडीच्या सुट्टीला म्हणून ती घरी आली, एक छोटी बॅग घेऊन. तेवढ्यात करोना आला. चीननं दारं लावून घेतली. दोन-अडीच वर्षं ती गावातच अडकली. घरात रेंज नसायची, म्हणून पाण्याच्या टाकीखाली बसून मोबाइलवर सर्जरीची लेक्चरं ऐकली.

“म्हशी यायच्या पाण्यावर,” ती सांगायची. “तिकडं सर पोट उघडून दाखवायलेत आणि हितं म्हस माझ्या वहीला तोंड लावायली.”

हसून झालं की ती डबा बंद करायची. मग एकदा म्हणाली, “आक्का, पेशंटला हात न लावता मी डॉक्टर झाले. मग इथली परीक्षा कशी पास व्हायची?”

परदेशात शिकून आलेल्यांना इथं काम करायचं तर एक परीक्षा द्यावी लागते. ती त्यात तीनदा नापास झाली होती. हे कारखान्यात माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि घरीही नव्हतं. घरी तिनं सांगितलं होतं की दिल्लीत कागद अडकलेत, तोवर एका कंपनीत काम बघते. आप्पांना ते पटलं होतं. सरकारी कागद अडकतो ही गोष्ट या भागात कुणालाही चटकन पटते.

गावच्या जत्रेला तिनं मला बोलावलं. कमानीपाशीच तिचा फोटो होता, भला मोठा फ्लेक्स. ‘आमच्या गावची पहिली डॉक्टर.’ उन्हानं फोटोतला चेहरा पार निळा पडला होता. वैजू त्या बाजूला न बघता पुढं निघून गेली. घरी पोचलो तर अंगणात माणसं बसलेली. जत्रेला आलेली नव्हे, तिला दाखवायला आलेली. कुणाचा गुडघा, कुणाची खोकल्याची ढास, कुणाची सून. ती एकेकाजवळ बसायची, सगळं ऐकून घ्यायची, बी.पी. बघायची आणि म्हणायची, “मावशी, खानापूरच्या दवाखान्यात जावा. आजच जावा.”

“तू गोळी दे की गं.”

“माझ्याकडं गोळ्या न्हाईत.”

“मग सुई मार.”

नारायण आप्पा पडवीत खांबाला टेकून हे सगळं बघत होते. पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर असं समाधान की बघणाऱ्यानं मान खाली घालावी. मला म्हणाले, “ड्रायव्हिंग करताना मागं वळून बोलू नये असा नियम हाय. पण पोरगी चीनला गेल्यापासनं मी निपाणीपतोर बोलतच जायचो. माझी पोरगी डॉक्टर व्हायलीया म्हणून. पाशिंजर सगळे ओळखीचे झालते. आजून विचारत्यात.”

परत येताना ती माझ्या स्कूटरवर मागं बसली होती. खानापूर ओलांडलं. मग म्हणाली, “सांगायचं ठरवून प्रत्येक सुट्टीला जाते. अंगणात माणसं बसलेली असतात आणि आप्पा त्या खांबापाशी असतात. मला तोंड उघडता येत न्हाई.”

त्यानंतर चुंबकांचं प्रकरण झालं. मोटरीच्या आत जी ताकदवान चुंबकं बसतात ती जवळजवळ सगळी चीनमधून येतात. चीन सरकारनं ती परवान्याशिवाय बाहेर पाठवायची नाहीत असा हुकूम काढला. मोठ्या मोठ्या मोटार कंपन्या हवालदिल झाल्या, तिथं आमची काय कथा. आत तीच चुंबकं म्हणून आमच्या मोटरीही तिकडच्या बंदरात अडकल्या. गाड्यांचे सांगाडे शेडमध्ये रांगेनं उभे राहिले, रंगवलेले, चाकं लावलेले, आतून रिकामे.

रोज सकाळी फोन. अण्णा ओरडायचे, तिकडं लिऊ मिस्त्री ओरडायचे, आणि दोघांचं ओरडणं वैजूवरून जायचं. मालकांना ती चीनची वाटायला लागली आणि लिऊंना ती मालकांची. “हिलाच नीट सांगता येईना झालंय,” असं अण्णा एकदा तिच्यासमोर मला म्हणाले. तिनं डोळे मिटले होते. मला वाटलं याचंही ती भाषांतर करते की काय.

एका फोनवर लिऊ बराच वेळ एकटेच बोलले. आवाज न चढवता. अण्णांनी विचारलं, “एन अंतान?”

“काही नाही सर. घरचं बोलायलेत.”

अण्णा वैतागून उठून गेले. मी विचारलं तेव्हा तिनं मला सांगितलं. लिऊंच्या गावात विजेच्या गाड्यांचे कारखाने एकाशेजारी एक उभे राहिले होते. एकानं भाव पाडला की दुसरा पाडतो, मग तिसरा. गाड्या एवढ्या झाल्या की उभ्या करायला माळ अपुरे पडायला लागले. आता त्यांचंच सरकार म्हणतंय पुरे करा, पण जो पहिला थांबेल तो मरणार, म्हणून थांबत कुणीच नाही. लिऊ कारखान्याच्याच खोलीत राहायचे. मुलीला वर्षातून एकदा बघायचे.

“त्यांच्यात याला एक शब्द आहे,” वैजू म्हणाली. “नेइ-जुआन. म्हणजे पुढं जायला वाट नाही म्हणून माणूस आतल्या आत गुंडाळत जातो. मेहनत वाढत जाते आणि जागा तीच.” तिनं थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं. “मला म्हणतात, तू तरी बरी, डॉक्टर झालीस.”

“मग तू काय म्हणालीस?”

“व्हय म्हटलं.”

मोटरी नाहीत म्हणून जोडणीच्या माणसांना अण्णांनी दुसऱ्या कामांना लावलं. त्यातला मारुती, चंदगडकडचा, चाळिशीचा हाडापेरानं मजबूत गडी, चार्जिंग बोर्डाच्या कामाला गेला. त्याला वायरिंगची सवय नव्हती. लाइन बंद आहे असं समजून त्यानं हात घातला.

मी ऑफिसात होते. आधी एक आवाज आला, मग आरडाओरडा, आणि त्या आरडाओरड्यात एकच शब्द ऐकू यायला लागला. डॉक्टर! डॉक्टर कुठं आहेत? डॉक्टरना बोलवा!

वैजू माझ्या टेबलापाशी उभी होती. तिनं एकदा गेटकडं बघितलं. क्षणभर मला वाटलं ही पळून जाणार, गेटमधून बाहेर. ती पळाली, पण शेडकडं. मी मागं पोचले तेव्हा ती “मेन बंद करा, आधी मेन बंद करा” म्हणून ओरडत होती. ते झाल्यावर ती मारुतीशेजारी गुडघ्यावर बसली. श्वास बघितला, मान बघितली. मग दोन्ही तळवे एकावर एक ठेवून त्याच्या छातीवर दाबायला लागली. एवढीशी पोरगी, सगळं अंग त्यात घालत होती. चष्मा खाली पडला. कुणीतरी पाणी पुढं केलं तर तिनं बघितलंसुद्धा नाही. तोंडानं काहीतरी मोजत होती. जवळ गेल्यावर कळलं, ती चिनीत मोजत होती.

अँब्युलन्स यायला लागला तेवढा वेळ लागलाच. ती दमली तेव्हा दोघा कामगारांचे हात धरून तिनं त्यांना तिथल्या तिथं दाबायला शिकवलं, आणि पुन्हा स्वतः बसली. मध्येच मारुतीच्या घशातून एक घरघर आली. नंतर दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, जागेवर हे केलं नसतं तर हा माणूस इथपर्यंत आलाच नसता.

मारुती वाचला. हाताची कातडी गेली, बोटं राहिली.

त्या संध्याकाळी ती पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरवर नुसती बसून होती. तळहात उघडे धरून त्यांच्याकडं बघत होती. म्हणाली, “आक्का, बरगडी मोडल्याचं कळलं मला. पुस्तकात लिहिलेलं असतं, मोडली तरी थांबायचं नाही. खरंच तसंच असतं.”

मारुती पट्ट्या बांधलेल्या हातांनी कामावर आला, तेव्हा अण्णांनी सत्काराचा घाट घातला. कँटीनच्या शेडमध्ये खुर्च्या मांडल्या, हार आणले, एका स्थानिक पेपरचा माणूस बोलावला. आणि तिला न विचारता गाडी पाठवून नारायण आप्पांना आणि तिच्या आईला आणलं. आप्पा कडक इस्त्रीत पहिल्या रांगेत बसले. माइकवरचा माणूस म्हणाला, “आता डॉक्टर वैजयंता गावडे यांना विनंती करतो...” टाळ्या पडल्या. शाल, नारळ. आप्पांनी टोपी सारखी केली.

वैजू माइकपाशी गेली. डोळे मिटले. मग उघडले.

“मी डॉक्टर नाही,” ती म्हणाली.

लोकांना वाटलं नम्रपणा आहे. कुणीतरी हसलंसुद्धा.

“खरंच नाही. चीनची पदवी आहे, पण इथं काम करायची परवानगी नाही. त्याची परीक्षा असते, त्यात मी तीनदा नापास झाले. दिल्लीत कागद अडकले नाहीत. ते मी घरी खोटं सांगितलं.” शब्द एकेक स्पष्ट येत होता. “मारुतीदादाला जे केलं ते शिकवलं तर कुणालाही येतं. मी तुम्हाला सगळ्यांना शिकवीन. पण मला डॉक्टर म्हणू नका.”

 पेपरवाल्यानं पेन थांबवलं. तेवढ्यात मागून मारुतीची बायको उठली, पदर खोचून.

“परीक्षा नापास झालीस म्हणून काय झालं गं? माझा न्हवरा उभा ऱ्हायलाय न्हवं हितं? तूच डॉक्टर!”

आणि अशा टाळ्या वाजल्या की आधीच्या काहीच नव्हत्या. माइकवरचा माणूस सुटल्यासारखा म्हणाला, “डॉक्टरांनी फार मोलाचे विचार मांडले.” वैजू माइक हातात घेऊन तशीच उभी होती. ती गर्दीकडं बघत नव्हती. पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी झाली होती. आप्पा उठून बाहेर, त्या रिकाम्या सांगाड्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले होते. जेवायला बोलावलं तर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेटातून आत शिरलो. वॉचमननं सलाम ठोकला. “नमस्कार डॉक्टर.”

ती माझ्याकडं वळली. “आक्का, मी काल सांगितलं ना? मराठीतच सांगितलं ना?”

“सांगितलंस.”

“मला पाच भाषा येतात,” ती म्हणाली. “आता कुठल्या भाषेत सांगू?”

गावातही तेच. बायका अंगणात येतच राहिल्या. फ्लेक्स काढा म्हणून तिनं पंचायतीत सांगितलं, तर ते म्हणाले, राहू दे की, तुझा काय त्रास आहे त्याला. बदलले फक्त आप्पा. ते तिच्याशी बोलेनासे झाले. जेवताना बायकोला म्हणायचे, ‘तिला म्हणावं भाकरी घे.’ ती आईला म्हणायची, ‘त्यांना सांग, पोट भरलं.’ “आमच्या घरात पण आता दुभाषी लागायला लागला,” असं तिनं मला सांगितलं, आणि त्या वेळी ती हसली नाही.

अण्णांनी शेवटी चीनचा नाद सोडला. तसली चुंबकं न लागणारी एक मोटर कोइमतूरहून मिळत होती. जड, जरा आवाज करणारी, पण मिळणारी. सांगाडे भरले, गाड्या बाहेर पडायला लागल्या. त्याच सुमारास लिऊ मिस्त्रींचा शेवटचा फोन आला. त्यांची कंपनी एका मोठ्या कंपनीनं गिळली होती आणि ते वडिलांच्या संत्र्याच्या बागेकडं परत निघाले होते. फोन बराच वेळ चालला. या वेळी काय म्हणाले असं कुणी विचारलं नाही. मीही नाही. पण शेवटी तिनं त्यांना एक वाक्य हळू आवाजात, डोळे उघडे ठेवून सांगितलं. मला वाटतं, तिनं त्यांनाही सांगून टाकलं असावं.

आता आम्हाला चिनी लागत नव्हती. कोइमतूरच्या लोकांशी इंग्रजीत भागत होतं. अण्णा वाईट नव्हते, त्यांनी तिला स्टोअरमध्ये ठेवून घेतो म्हटलं. पण पुण्याजवळ चाकणला विजेच्या गाड्यांची एक कंपनी दुभाषी शोधत होती. पुढं त्यांच्या माणसांबरोबर चीनलाही जावं लागेल असं होतं, तिकडचे व्हिसे पुन्हा मिळायला लागले होते. तिनं होकार कळवला. मी म्हटलं, “आनंद वाटत नाही का गं?”

“ज्यातनं बाहेर पडायचं होतं तेच एक काम मला नीट जमतंय आक्का.”

“आणि परीक्षा?”

“फॉर्म भरलाय,” ती म्हणाली, आणि विषय बदलला.

ती निघाली त्या दुपारी मी बेळगाव स्टँडवर गेले होते. पुण्याची एसी बस फलाटाला लागली होती. वैजू आत जाऊन खिडकीपाशी बसली. तेवढ्यात मला नारायण आप्पा दिसले. एकटेच आले होते. तिच्या खिडकीकडं गेले नाहीत. बसभोवती एक फेरी मारली, मागच्या टायरवर बुटानं ठोकून बघितलं आणि दारापाशी उभ्या असलेल्या ड्रायव्हरजवळ गेले.

“निपाणीच्या अलीकडं तवंदीचा घाट लागतोय. तितं जरा दमानं घ्या.”

“तुमी लाइनीतलेच दिसताय,” ड्रायव्हर म्हणाला.

“व्हय. रिटायर.”

“कोण निघालंय?”

“पोरगी.”

“काय करती पोरगी?”

मी दोन पावलांवर उभी होते. आप्पांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि बसचा बाजूचा आरसा पुसायला लागले. बराच वेळ पुसत राहिले.

“चिनी बोलती,” ते म्हणाले.

“काय सांगता!”

“व्हय. लई फास्ट बोलती. तितली माणसं बी गप्प बसून ऐकत्यात.”

मी वर बघितलं. वैजू बॅग सीटखाली ढकलत होती. तिला ऐकू गेलं नव्हतं. ती काच उघडणारी नव्हती. मी आप्पांकडं बोट दाखवलं, हातानं खुणा केल्या. तिला वाटलं मी निरोप देते. तिनं हात हलवला.

ड्रायव्हर बस मागं घ्यायला लागला. स्टँडवर गर्दी होती, मागं एक रिक्षा आडवी उभी. आप्पा धावत बसच्या मागं गेले, रिक्षावाल्याला हटकलं आणि बसच्या पत्र्यावर तळहात मारत ड्रायव्हरला मागचा रस्ता दाखवू लागले. येऊ दे. येऊ दे. आजून येऊ दे.